दगड हाती धरायला शिकण्याची वर्षं : प्राण्यांसाठी कायदे लिहिणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणी संसदेत बसतं, कुणी मसुदा समितीवर आहे, कुणी आंतरराष्ट्रीय करारांच्या परिषदांना आपल्या देशाच्या वतीने जातं. प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्यातला शब्द न् शब्द तुमच्या हाताखालून जातो, म्हणून हे पत्र तुम्हाला. मी शास्त्रज्ञ नाही, वकीलही नाही. प्राण्यांच्या बुद्धीवरचं संशोधन गेली अनेक वर्षं नेटाने वाचत आलेली एक वाचक आहे, आणि त्या वाचनापेक्षाही एका दुपारी पाहिलेल्या गोष्टीमुळे लिहायला बसले आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयात मी एका चिंपांझीसमोर तासभर उभी राहिले. ती मादी होती, वयस्कर, पाठीवरचे केस विरळ झालेले. तिने गवताची एक काडी निवडली. निवडली असंच म्हणायला हवं, कारण त्याआधी दोन उचलून टाकून दिल्या होत्या. काडीचं टोक दातांनी नीट केलं आणि सिमेंटची भिंत लोखंडी चौकटीला मिळते तिथल्या फटीत ती हलक्या हाताने आत सारली. जरा थांबली. मग काडी सावकाश, कुठे अडकू न देता बाहेर काढली, ओठांवरून फिरवली, टोक निरखून पाहिलं. काहीच नव्हतं. चेमटलेलं टोक तिने दातांनी तोडून टाकलं आणि काडी पुन्हा आत घातली. मी होते तोवर हेच चाललं होतं. सिमेंटच्या फटीत वाळवी असणार तरी कशी!

त्या पिंजऱ्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. पाणी स्वच्छ होतं, सावली होती, जागा नेमून दिलेल्या मापाची दिसत होती. तपासणीला आलेला अधिकारी सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण करून गेला असता. त्या काडीसाठी मात्र त्याच्या कागदावर रकानाच नसणार. मला बोलायचं आहे ते त्या रकान्याबद्दल.

काडीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. नोव्हेंबर १९६० मध्ये आजच्या टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात संशोधक जेन गुडॉल यांनी एका चिंपांझीला वारुळाशी बसलेलं पाहिलं. तो गवताची काडी वारुळाच्या भोकात घालत होता. आतले वाळवीचे सैनिक किडे काडीला कडकडून चावत, आणि मग तो ती अलगद ओढून त्यांना खात होता. डहाळीची पानं काढून ती कामाजोगी करतानाही त्यांनी या प्राण्यांना पाहिलं. अवजार बनवणारा तो माणूस, अशी तोवरची समजूत. गुडॉल यांचे मार्गदर्शक लुई लीकी यांनी कळवलं की आता अवजाराची व्याख्या बदलायला हवी, नाहीतर माणसाची बदलायला हवी, तेही नको असेल तर चिंपांझींना माणसांत धरायला हवं.

त्यानंतरच्या साठहून अधिक वर्षांत आपण या तीनपैकी एकही केलं नाही. आपण रेघ सरकवत राहिलो. अवजार वापरणं म्हणजे बुद्धी असं म्हणत होतो, तिथून अवजार बनवणं म्हणजे बुद्धी यावर आलो. मग नुसतं बनवणं पुरेना, आधी योजना हवी, कार्यकारणभाव समजायला हवा. प्रत्येक वेळी कुणीतरी रेघेपाशी पोचलं की रेघ पुढे गेली. आणि पोचणाऱ्यांची रांग तर वाढतच होती. ब्राझीलच्या सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानातली कापुचिन माकडं दगडांनी काजू फोडतात, आणि त्याच जागी सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे, माकडांनी वापरलेले दगड उत्खननात मिळाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमधल्या काही डॉल्फिन तळाशी भक्ष्य हुडकताना नाक खरचटू नये म्हणून समुद्री स्पंज नाकावर चढवतात. ही युक्ती मुख्यतः आईकडून मुलीकडे जाते. न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे केवड्याच्या कुळातल्या पांडानस झाडाच्या काटेरी कडेच्या पानातून पट्ट्या कापतात आणि डहाळ्यांना कोरून आकडे बनवतात. संशोधक गेव्हिन हंट यांनी १९९६ साली हे जगापुढे मांडलं.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळेच ऐकत मोठे झालो. २००९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ती प्रत्यक्षात घडवली. कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांसमोर अर्धवट भरलेली पाण्याची नळी ठेवली, पाण्यावर तरंगणारी अळी, बाजूला खडे. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं, आणि मोठे खडे लवकर काम करतात हेही त्यांच्या ध्यानात आलं. यातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. मोकळ्या रानात रूक अवजारं वापरताना दिसत नाहीत. म्हणजे कुणी केवळ रानातलं पाहून अवजारं वापरणाऱ्यांची यादी केली असती, तर रूक त्या यादीत आलाच नसता.

हे सगळं वाचून कुणाच्याही मनात येईल की हुशार प्राण्यांची अशी यादी करावी आणि त्यांना संरक्षण द्यावं. मलाही बराच काळ तसंच वाटायचं. आज मी तुम्हाला कळकळीने सांगते, असं करू नका.

एक म्हणजे परीक्षा घेणारे आपण, प्रश्नपत्रिका आपली, आणि उत्तरंही आपल्या हातांच्या मापाने तपासलेली. देवमाशाला हात नाहीत. डुकराचं नाकच कुदळीचं काम करतं, त्याने काठी का उचलावी? (तरीही पॅरिसच्या एका प्राणिसंग्रहालयात विसायन जातीच्या रानडुकरांनी घरटं खणताना सालीचा तुकडा तोंडात धरून माती उकरल्याचं २०१९ साली नोंदलं गेलं.) उलट काही जातींच्या मुंग्या मातीचे आणि पानांचे कण पातळ अन्नात टाकतात आणि भिजलेले कण घरी वाहून नेतात. अवजार तेही आहे. पण म्हणून ती मुंगी डुकराहून हुशार, असं तुमच्यापैकी कुणी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे या परीक्षांचे निकाल बदलतात. ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या कावळ्याच्या मादीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीच्या तळातली खाऊची छोटी बादली वर ओढली. २००२ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर कौतुक झालं, कारण असा आकडा करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे २०१६ साली असं दिसून आलं की रानातून पकडलेले त्या जातीचे कावळेही आपल्या डहाळ्या अशा वाकवतात, ती त्यांच्या नेहमीच्या कसबातली गोष्ट आहे. बेटीला तो आकडा आयत्या वेळी सुचला की अंगातच होता, हे त्यामुळे पूर्वीइतकं स्पष्ट राहिलं नाही. विज्ञानाने आपली चूक अशी दुरुस्त करावी हे योग्यच आहे. पण बेटीच्या त्या एका आकड्यावर कुणी तिच्या जातीचं संरक्षण टांगून ठेवलं असतं तर? शोधनिबंध बदलला की पक्ष्याचा हक्क जाणार का?

म्हणून उंबरठ्यावरची कसोटी बुद्धीची नकोच. ती दुखण्याची असावी. या जिवाला वेदना होतात का, भीती वाटते का, बरं वाटतं का, एवढं विचारा.

हे काम जमण्यासारखं आहे, याचं उदाहरण समोर आहे. ब्रिटनने आपल्या प्राणी संवेदनक्षमता कायद्याच्या मसुद्यासाठी खेकडे, शेवंड, ऑक्टोपस, माकुल यांच्याबद्दल लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या तज्ज्ञांकडून अहवाल मागवला. जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून अधिक अभ्यास तपासले आणि आठ कसोट्या लावल्या. वेदना टिपणाऱ्या पेशी आहेत का, मेंदूत ती माहिती एकत्र येते का, वेदनाशामक दिल्यावर वागणं बदलतं का, इजा झालेला भाग प्राणी जपतो का, वेदना टाळण्यासाठी दुसऱ्या एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतो का, अशा त्या कसोट्या होत्या. त्यांत अवजाराचा उल्लेखही नाही. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना सौम्य विजेचा झटका दिला तर नावडता शंख ते चटकन सोडतात आणि आवडता शंख सोडायला तयार होत नाहीत, असे बारीक प्रयोग त्यांनी जमेस धरले. २०२२ च्या कायद्यात हे प्राणी आले. त्या कायद्याने एक समिती नेमली, जी सरकारी धोरणांत या प्राण्यांच्या सुखदुःखाचा विचार झाला का हे तपासते. कायदा तिथेच थांबतो, जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात टाकण्यावर त्याने बंदी घातली नाही. तरीही उंबरठा योग्य जागी बसला.

याच्या उलट उदाहरण पाहा. अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्यात 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येतून प्रयोगासाठी पैदा केलेले लहान उंदीर (माउस), मोठे उंदीर (रॅट) आणि पक्षी २००२ साली वगळले गेले. प्रयोगशाळांमध्ये सर्वांत जास्त संख्येने असतात ते हेच. पिंजऱ्यात अडकलेल्या सोबत्याला सोडवण्यासाठी उंदीर दार उघडायला शिकतो, समोर चॉकलेट असलं तरी सोबत्यालाही सोडवतो आणि बहुधा त्यातलं थोडं त्याच्यासाठी ठेवतो, हे शिकागोतल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं. पण त्या कायद्याच्या लेखी तो उंदीर प्राणीच नाही. व्याख्येचं कलम वाचताना बहुतेकांना कंटाळा येतो हे मी समजू शकते. तरी विनंती आहे की सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्या.

आता तुम्ही विचाराल, मग अवजारांचं काय? बुद्धीला काहीच किंमत नाही का?

आहे. दुखण्याने उंबरठा ठरतो, आणि आत आलेल्याला काय काय लागतं हे बुद्धीने ठरतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ते पटावं म्हणून तुम्हाला पश्चिम आफ्रिकेतल्या एका दगडापाशी घेऊन जाते.

गिनीतल्या बोसू या ठिकाणी चिंपांझी तेलताडाच्या कठीण बिया फोडतात. एक दगड ऐरण, दुसरा हातोडा. ऐरण डुगडुगत असेल तर तिच्याखाली पाचरीसारखा तिसरा दगड सारतानाही त्यांना पाहिलं गेलं आहे. आई फोडत असते तेव्हा पिल्लू तिच्या अगदी पुढ्यात असतं, तिच्या हातोड्याच्या पल्ल्यात म्हणा ना. ती त्याला ढकलत नाही. फुटलेल्या बीमधला गर ते उचलून नेतं, तरी ती काही बोलत नाही. दीड-दोन वर्षांचं पिल्लू कधी नुसता दगड लोळवतं, कधी बी ऐरणीवर ठेवून तळहाताने थापटतं, कधी बीवर पाय देतं. कधी दगडावर दगड आपटतं, पण मधे बी ठेवायचीच राहते. तिन्ही गोष्टींचा मेळ बसायला वर्षं लागतात. साधारण साडेतीन ते पाच वर्षांच्या दरम्यान पहिली बी फुटते. आणि त्या वयात ज्याला जमलं नाही त्याला पुढे बहुधा जमतच नाही, असं तिथल्या दीर्घकाळच्या निरीक्षणातून दिसलं आहे.

यात काय काय आलं ते पाहा. ताडाचं झाड आलं, योग्य वजनाचा दगड आला, आणि ते दोन्ही जवळ जवळ असणं आलं. पिल्लाला चोरू देणारी आई आली, आणि ती किमान पाच वर्षं जिवंत राहणं आलं. तिला शिकवणारी तिची आई आली. शेजारच्या आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात जमिनीखाली चिंपांझींचे असे दगड मिळाले, ते सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचे आहेत. पुरावा हातात नसला तरी समजायला हरकत नाही की मधल्या काळात कुठल्या ना कुठल्या पिढीने पुढच्या पिढीला हे पाहू दिलं.

यातलं काहीही प्राण्यांच्या शिरगणतीत दिसत नाही. शंभर चिंपांझी होते, अजून शंभर आहेत, संरक्षण यशस्वी, असं अहवालात येईल. पण माता मारल्या गेल्या असतील, अनाथ पिल्लांना एकत्र वाढवलं असेल, तर शंभरांतल्या एकालाही दगड धरता येत नसेल. २०१९ साली चिंपांझींच्या १४४ समूहांमधल्या ३१ सवयी ताडून पाहणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे माणसाचा वावर आणि ढवळाढवळ सर्वाधिक, तिथे या सवयी आढळण्याची शक्यता सरासरी ८८ टक्क्यांनी कमी होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचला. प्राणी संपायच्या आधीच त्यांना येत असलेलं संपतं आहे.

हे फक्त वानरांपुरतं नाही. ऑस्ट्रेलियातला रीजेंट हनीइटर हा पक्षी इतका विरळ झाला आहे की काही तरुण नरांना गाणं शिकायला आपल्या जातीचा वडीलधारा भेटतच नाही, मग ते दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी गातात. २०२१ साली हे नोंदलं गेलं. सुमात्रात नीसिया नावाच्या फळातल्या बियांभोवती टोचणारे तंतू असतात. सुआक बालिंबिंगच्या दलदलीतले ओरांगउटान काडी वापरून त्या बिया काढतात. अलास नदीच्या पलीकडे झाड तेच आहे, ओरांगउटानही आहेत, युक्ती नाही. नदी रुंद आहे, ती ओलांडून शिकवायला कुणी जाऊ शकत नाही. सुआकचं जंगल गेलं तर नकाशावर ओरांगउटान शिल्लक दिसतील, काडी कायमची गेलेली असेल.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी आहे. ज्या प्राण्यांमध्ये शिकणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, त्यांच्या बाबतीत कायद्याने समूह जपावा, नुसती संख्या नव्हे. एखाद्या खाणीला, धरणाला, रस्त्याला परवानगी देण्याआधी पर्यावरणाचा अहवाल मागवता, त्यात या भागात कोणत्या शिकलेल्या सवयी आहेत आणि प्रकल्पाने त्यांचं काय होईल, हा प्रश्न सक्तीचा करा. वयस्क माद्यांना धक्का लागेल असं स्थलांतर, पकडणं किंवा वेगळं करणं सर्वांत कडक नियमाखाली आणा. चिंपांझींमध्ये वयात आलेल्या माद्या दुसऱ्या समूहात जातात आणि माहेरचं कसब सोबत नेतात, त्यामुळे दोन जंगलांमधली वाट बुजली की ही देवाणघेवाणही थांबते. बोसूचा समूह निंबा पर्वताच्या जंगलापासून काही किलोमीटरच्या गवताळ पट्ट्याने तुटलेला आहे. तो पट्टा झाडं लावून जोडायचं काम १९९७ साली सुरू झालं, आणि तोवर समूह आधीच लहान होता. झाडाला वाढायला जी वर्षं लागतात ती उशीर झालेल्यांसाठी थांबत नाहीत.

ही मागणी हवेतली नाही. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला परिषद भरली होती. तिथे पश्चिम आफ्रिकेतल्या कवच फोडणाऱ्या चिंपांझींसाठी, त्यांच्या या कसबाचा आधार घेऊनच, संबंधित देशांनी एकत्र काम करायचं ठरलं. तुमच्यापैकी काही जण त्या सभागृहात असतील. तेव्हा एका कराराच्या कोपऱ्यात जे मान्य झालं ते तुमच्या देशाच्या कायद्यात कधी येणार, हे मला विचारायचं आहे.

एका विसंगतीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. थायलंडच्या अंदमान समुद्राकाठच्या बेटांवर लांब शेपटीची माकडं ओहोटीला खडकांवर उतरतात आणि दगडांनी कालवं, गोगलगायी फोडतात. कालवासाठी टोकदार लहान दगड, गोगलगाईसाठी जड दगड, असा भेदही ते करतात. त्यांच्या दगडांचा अभ्यास करायला पुरातत्त्वज्ञ जातात, कारण आपल्या पूर्वजांनी दगड कसा हाती धरला असेल याचा माग त्यातून लागेल अशी आशा आहे. आणि याच जातीची माकडं जगभरच्या प्रयोगशाळांसाठी सगळ्यात मोठ्या संख्येने विकली जातात. २०२२ साली ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. एकाच माकडाकडे एक शास्त्रज्ञ पूर्वजाची सावली म्हणून पाहतो आणि दुसरा खोक्यातला माल म्हणून मागवतो.

औषधांचा प्रश्न खरा आहे, मी तो झटकून टाकत नाही. आजारी माणसाच्या घरच्यांसमोर उभं राहून प्राण्यांवरचे सगळे प्रयोग उद्यापासून बंद करा, असं म्हणायची माझी तयारी नाही. पण 'हे आवश्यकच आहे' हे वाक्य पुरावा मागितल्याशिवाय मान्य करू नका. चिंपांझींवरच्या प्रयोगांबद्दल अमेरिकेतही अनेक वर्षं हेच वाक्य म्हटलं जात होतं. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या वैद्यकीय तज्ज्ञ समितीने प्रत्येक वापर तपासला आणि त्यातले बहुतेक अनावश्यक ठरले. २०१५ पर्यंत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असे प्रयोग थांबवले. नीट विचारलं तेव्हा उत्तर बदललं. माकडांच्या बाबतीत हाच प्रश्न तितक्याच कसोशीने विचारा, आणि रानातून पकडलेला प्राणी प्रयोगशाळेत येण्याचा मार्ग तर लगेच बंद करता येण्यासारखा आहे.

ऑक्टोपसची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळीच राहू द्यावी. २००९ साली इंडोनेशियाच्या समुद्रातल्या निरीक्षणांवरून शास्त्रज्ञांनी एका ऑक्टोपसचं वर्णन केलं. तळाच्या चिखलात पडलेल्या नारळाच्या करवंट्या तो पाण्याचे फवारे मारून साफ करायचा, एकात एक रचून पोटाखाली घ्यायचा, आणि हात काठ्यांसारखे ताठ करून, त्यांच्यावर उंच होऊन चालत जायचा. चाल फारच अवघडलेली, कारण वाहून नेताना करवंटीचा त्याला काही उपयोग नसतो, उलट तो उघडा पडतो. पुढे कुठेतरी धोका आला की मग दोन करवंट्या जुळवायच्या आणि आत लपायचं. पुढे लागेल म्हणून आत्ता ओझं वाहणारा हा जीव. सर्वसाधारण ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक हातांमध्ये. पण त्याला कुणी शिकवत नाही. अंडी फुटतात त्या सुमारास आई मरते. बहुतेक जातींचं आयुष्य दोनेक वर्षांच्या आतबाहेर. चिंपांझीला जी आई लागते ती ऑक्टोपसला लागत नाही. त्याला लागतो एकांत, लपायला बीळ, हाताळायला, शोधायला काहीतरी. बहुतेक जाती एकट्याने राहणाऱ्या, आणि गर्दीत कोंबलं तर ते एकमेकांना खातात.

आणि अशा प्राण्याची टाक्यांमधून मांसासाठी शेती करायचे बेत आखले जात आहेत. स्पेनच्या कॅनरी बेटांवर वर्षाला सुमारे दहा लाख ऑक्टोपसांच्या शेतीचा प्रस्ताव आला. मोठ्या प्रमाणावर त्यांना वेदनेविना मारण्याची खात्रीची पद्धत आज उपलब्ध नाही, हे वर सांगितलेल्या ब्रिटिश अहवालानेच नमूद केलं आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ साली या शेतीवर बंदीचे कायदे केले. इतरांनी वाट कशाची पाहायची? धंदा सुरू झाला, कर्जं काढली गेली, माणसं नोकरीला लागली की बंदी घालताना त्या माणसांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्तच असतो. आज बंदी घातली तर कुणाचीही भाकरी जात नाही.

काही लोक म्हणतात, हे न्यायालयांवर सोडा. ते करून झालं आहे. हॅपी नावाची एक हत्तीण २००५ साली न्यूयॉर्कमधल्या प्राणिसंग्रहालयात आरशासमोर उभी राहिली आणि आपल्या कपाळावर रंगवलेली खूण सोंडेने पुन्हा पुन्हा चाचपली. स्वतःला ओळखण्याच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली ती पहिली हत्तीण म्हणून २००६ साली जाहीर झाली. पुढे तिच्या सुटकेसाठी बेकायदा कैदेविरुद्धचा अर्ज झाला, आणि २०२२ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. असा प्रश्न कायदेमंडळाने सोडवायचा आहे, असं बहुमताचं म्हणणं पडलं. अर्जेंटिनात मेंडोसाच्या न्यायाधीशांनी २०१६ साली सेसिलिया या चिंपांझीला तसाच अर्ज मंजूर केला आणि पुढच्या वर्षी ती ब्राझीलमधल्या अभयारण्यात गेली. एकीला एक न्यायाधीश मिळाला, दुसरीला नाही. नशिबाचा भाग झाला तो. म्हणून पुन्हा तुमच्याच दारात आले आहे.

बंदिवासातल्या प्राण्यांबद्दल एवढंच, की मापाच्या नियमांसोबत कामाचाही नियम लिहा. जो प्राणी रानात दिवसाचा मोठा भाग शोधण्यात, फोडण्यात, उकरण्यात घालवतो, त्याला रोज डोकं आणि हात लावावं लागेल असं काहीतरी मिळालंच पाहिजे, आणि तपासणीत त्याची नोंद झाली पाहिजे. कृत्रिम वारूळ बनवून त्यात खाऊ भरणारी प्राणिसंग्रहालयं आहेत. ते परवडतं आणि जमतं. आज ते त्या संस्थेच्या मर्जीवर आहे.

शेवटी हवाई बेटांवरच्या कावळ्याबद्दल सांगते. तिथले लोक त्याला 'अलाला' म्हणतात. २००२ नंतर तो रानात दिसला नाही. उरलेले सगळे पक्षी पिंजऱ्यांमध्ये होते. २०१६ साली संशोधकांनी तेव्हा हयात असलेल्या १०९ पैकी १०४ पक्ष्यांची चाचणी घेतली आणि त्यातल्या ७८ टक्क्यांनी आपणहून काडी उचलून भोकातला खाऊ काढला. कुणी शिकवलं नव्हतं. काडीची ओढ त्यांच्या अंगात होती. पण रानात सोडून पाहिल्यावर अनेक पक्षी मेले, त्यातले काही 'इओ' या ससाण्याच्या तावडीत सापडले. वाचलेल्यांना २०२० साली परत पिंजऱ्यात आणावं लागलं. ससाणा दिसला की काय करायचं हे जे आईबापांकडून शिकायचं असतं, ते पिंजऱ्यातल्या पिढ्यांना कुणाकडून मिळणार होतं? आता माणसं त्यांना ते शिकवतात. जिवंत ससाणा आणि कावळ्यांच्या धोक्याच्या हाकांचे ध्वनिमुद्रण वापरून त्यांचे वर्ग घेतले जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये असे पाच पक्षी माउई बेटावर, जिथे तो ससाणा नाही अशा रानात सोडले.

तुमच्या पुढच्या बैठकीत प्राणी संरक्षणाचा मसुदा टेबलावर येईल तेव्हा त्यात 'संख्या' हा शब्द किती वेळा आहे आणि 'शिकणं' हा शब्द किती वेळा, हे एकदा मोजून पाहा, आणि दुसरा शब्द सापडला नाही तर तो कुठल्या कलमात घालायचा याची चर्चा त्याच दिवशी सुरू करा.

आपली नम्र,
एक वाचक